ओढ्याच्या वाटेंतील अडथळे

पावसाळ्याच्या आरंभीं लकडी पुलावर उभें राहून मुठेकडे पाहिलें असतां पाण्याचा रंग चहासारखा दिसतो, हें पुण्यांतील कोणाही मुलास सांगावयास नको. तें पाणी असें कां, म्हणून विचारलें तर "त्यांत माती मिसळली आहे" असें उत्तर बहुतेक विद्यार्थी देतात, आणि तें बरोबरही आहे. परंतु ती माती कोठून निघाली, वाटेंत कोठें थांबली, आणि कांहीं येथवर आली तर बाकीची मागें कां राहिली, हे प्रश्न पुढें केले म्हणजे वर्गांत शांतता पसरते. या प्रश्नांचें उत्तर शोधावें म्हणून गेल्या सप्टेंबर महिन्यांत आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांसह एका रानांतल्या ओढ्यावर गेलों होतों. खरें सांगावयाचें तर तें उत्तर आम्हांस आमच्याच एका चुकीमुळें सांपडलें. ती हकीकत प्रथम सांगतों.

पानशेतच्या धरणाच्या वरच्या अंगास, आंबी नदीच्या खोऱ्यांत, दाट झाडींतून उतरणारा हा ओढा दहाबारा पावलें रुंद आहे. दोन दिवस पाऊस उघडला होता व पाणी घोट्यापर्यंतच होतें. एके ठिकाणीं जांभळीचा एक जुना ओंडका या कांठापासून त्या कांठापर्यंत आडवा पडला होता. त्याच्या वरच्या बाजूस वाळू व बारीक खडी थेट त्याच्या माथ्यापर्यंत भरून आली होती. खालच्या बाजूस, पाणी ओंडक्यावरून पडून, गुडघाभर खोल असा एक डोह झाला होता. डोहाचें पाणी इतकें निवळ कीं तळाचे गोटे मोजतां यावेत. एका विद्यार्थ्यानें त्या पाण्याची बाटली भरून घेतली. इतर मुलांस वाटलें, हा ओंडका ओढ्याची वाट अडवून बसला आहे. "सर, हा काढूं या कां? ओढा मोकळा होईल," असें त्यांनीं विचारलें, आणि मुलांची श्रमदानाची हौस मोडूं नये म्हणून आम्हीं होकार दिला. दोर लावून सातआठ जणांनीं ओंडका कांठाशीं ओढला.

ओंडक्यामागची वाळू प्रथम कडेनें ढांसळली, मग मधोमध एक चर पडला, आणि बघतां बघतां सगळा ढीग चालूं लागला. पाव तासांत खालचा डोह वाळूनें भरून घोट्याइतका उथळ झाला व त्याचें पाणी गढूळलें. चर मागें मागें सरकत वर गेला. त्यांतील धारेनें डावा कांठ खालून पोखरला आणि करंजाचीं मुळें उघडीं पडलीं. पलीकडच्या बांधावरून एक वृद्ध शेतकरी हें पाहत होता. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, पोरांनी लाकूड काढलं खरं, पण त्याच्यामागं पाच पावसाळ्यांची वाळू व्हती." त्या एका वाक्यांत आमच्या पाठाचें सारें सार आलें होतें. ओढ्यानें पांच वर्षें जमविलेलें कोठार आम्हीं पाव तासांत फोडलें होतें. आमच्या विद्यार्थ्यानें तेव्हां दुसरी बाटली भरली. त्या दोन बाटल्यांकडे आपण शेवटीं पुन्हां येऊं.

वाहतें पाणी डोंगराची माती तीन प्रकारांनीं नेतें. कांहीं क्षार पाण्यांत विरघळून जातात. ते डोळ्यांस दिसत नाहींत. अति बारीक माती पाण्यांत लोंबकळत राहते. मुठेचा रंग तो हिचा. वाळू, खडी व गोटे मात्र पात्राच्या तळाशीं घरंगळत, घसरत, लहान लहान उड्या घेत जातात. ओढ्याच्या कांठीं कान देऊन बसलें तर पुराच्या वेळीं दगडांवर दगड आपटल्याचा खडखडाट ऐकूं येतो. तो या तळाच्या ओझ्याचा आवाज होय.

या ओझ्याचा सर्व हिशोब वेगावर अवलंबून आहे, आणि तो हिशोब आपल्या अंदाजापेक्षां फार निराळा आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर तें किती पट जड दगड हलवील? वर्गांत "दुप्पट" किंवा "चौपट" अशीं उत्तरें येतात. एकोणिसाव्या शतकांत केंब्रिज येथील गणिती विल्यम हॉपकिन्स यांनीं दाखविलें कीं, तें चौसष्ट पट जड दगड हलवूं शकेल. कारण सोपें आहे. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, व तो दगडाच्या समोरच्या तोंडावर, म्हणजे त्याच्या लांबीरुंदीवर, पडतो. दगडाचें वजन मात्र लांबी, रुंदी व उंची या तिन्हींवर वाढतें. दोहोंचा मेळ घातला म्हणजे हलूं शकणाऱ्या दगडाची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणें, आणि त्याचें वजन वेगाच्या सहाव्या घाताप्रमाणें वाढतें. दोनाचा सहावा घात ६४. खऱ्या ओढ्यांत दगड एकमेकांत रुतलेले असतात, म्हणून हा नियम काटेकोर लागू पडत नाहीं. परंतु एका रात्रीच्या पुरांत बैलगाडीएवढे धोंडे जागा कां सोडतात, हें त्यावरून कळतें. आणि याच नियमाची उलट बाजू आपल्या विषयास अधिक उपयोगी आहे: वेग निम्मा झाला कीं पाण्याची ती शक्ति चौसष्टावा हिस्सा उरते. हातचें ओझें त्यास तेथेंच टाकावें लागतें.

आतां टाकलेली माती तळाशीं जाण्यास किती वेळ लागतो तें पाहूं. एक मिलिमीटर जाडीचा वाळूचा कण स्थिर पाण्यांत एक मीटर खालीं जाण्यास दहा सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्या बारीक वाळूस सुमारे दोन मिनिटें लागतात. आणखी दहा पट बारीक अशा गाळाच्या कणास तेंच अंतर तोडण्यास सुमारे तीन तास लागतात. आणि त्याच्याही दहाव्या हिश्शाच्या चिकणमातीच्या कणास बारातेरा दिवस! यावरून विद्यार्थ्यांनीं एक अनुमान काढावें. ओढ्यांत पाणी क्षणभर मंदावलें तर खडी व वाळू थांबेल. पाणी कांहीं तास मंदावलें तर गाळ थांबेल. चिकणमाती मात्र पाणी कित्येक दिवस स्वस्थ बसेल तेव्हांच थांबेल. म्हणून ओढ्यांतील प्रत्येक अडथळा हा एक चाळण आहे. कोणत्या जाडीचा कण मागें ठेवावयाचा व कोणता पुढें जाऊं द्यावयाचा, हें त्या चाळणीच्या घडणीवर ठरतें.

अशा चाळण्या आपल्या सह्याद्रींत किती प्रकारच्या आहेत पाहा. पहिली चाळण खुद्द खडकाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर पसरून आपला हा काळा पाषाण झाला. या थरांत कांहीं कठीण तर कांहीं ठिसूळ असल्यामुळें डोंगरांच्या बाजू जिन्यासारख्या दिसतात. शास्त्रज्ञ या खडकास 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द मुळीं 'जिना' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण थराच्या कडेवरून ओढा उडी घेतो, खालीं कुंड खोदतो आणि त्या कुंडांत आपलें जड ओझें कांहीं काळ ठेवतो. अशा कुंडांत अडकलेले गोटे भोंवऱ्यांत सांपडून गरगर फिरले म्हणजे खडकांतच रांजणासारखे खळगे कोरले जातात. पारनेर तालुक्यांत निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांतील रांजणखळगे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस, थांबलेला दगडही काम करीत असतो, हें निराळें सांगावयास नको.

दुसरी चाळण धोंड्यांची. कड्यावरून सुटलेले मोठे धोंडे उताराच्या ओढ्यांत एकमेकांस टेकून आडव्या रांगा करतात. पायरी, डोह, पुन्हां पायरी, पुन्हां डोह, अशी ओढ्याची चाल होते. या चालीचा उपयोग पर्वतीच्या उदाहरणानें समजेल. टेंकडीच्या माथ्यावरून चेंडू गुळगुळीत उतारावर सोडला तर तो पायथ्याशीं पोंचेपर्यंत त्याचा वेग वाढतच जाईल. तोच चेंडू पायऱ्यांवरून सोडला तर प्रत्येक पायरीवर आपटून त्याचें बळ थोडें थोडें खर्च होतें. ओढ्याचें पाणी पायरीवरून डोहांत पडतें तेव्हां फेंस, आवाज व भोंवरे यांत त्याची शक्ति अशीच खर्ची पडते. ती तेथें खर्च झाली नसती तर तिनें कांठ पोखरले असते.

तिसरी चाळण झाडांची, आणि जंगलांतील ओढा व उघड्या माळावरचा ओहोळ यांतील खरा भेद येथेंच आहे. माळावरच्या ओहोळास दगडाखेरीज दुसरा सोबती नसतो. जंगलांतील ओढ्यांत मात्र जांभूळ, उंबर, करंज, वाळुंज यांचीं मुळें कांठांतून पुढें येऊन पाण्यांत जाळीं विणतात. वादळांत मोडलेल्या फांद्या दोन धोंड्यांच्या मध्यें अडकतात. फांद्यांस काटक्या अडकतात. काटक्यांस पानें अडकतात. आणि पानांच्या थरांत वाळूचे बारीक कण अडकतात. दगडी बांधांतील भेगांतून जो गाळ निसटला असता तो या पानांच्या गाळणींत सांपडतो. तेथें तो नुसता पडून राहत नाहीं. कुजणारीं पानें व गाळ मिळून जो मऊ थर होतो त्यांत किडे राहतात, किड्यांवर मासे पोसतात, आणि पूर ओसरल्यावर त्याच थरांत नवीं रोपें रुजतात. शेरणी नांवाचें झुडूप तर पात्रांतील दगडांच्या फटींतच उगवतें. पूर आला कीं आडवें होतें, ओसरला कीं उभें राहतें, आणि प्रत्येक पुराची थोडी वाळू आपल्या बुडाशीं ठेवून घेतें. लव्हाळें नम्रतेमुळें पुरांत वांचतें, हा दृष्टांत आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकला आहे. तें वांकून स्वतः वांचतें तसें वांकलेल्या पात्यांखालीं मातीही वांचवितें, हें त्या दृष्टांतास जोडून द्यावें.

या तिन्ही चाळण्यांभोंवतीं गाळाची मांडणी एकाच रीतीनें होते, व ती ओळखावयास शिकलें म्हणजे कोणताही ओढा पुस्तकासारखा वाचतां येतो. अडथळ्याच्या वरच्या अंगास पाणी मंदावतें. तेथें प्रथम खडी, तिच्यावर वाळू, व सर्वांत वर गाळ असा थर बसतो. अडथळ्याच्या खालीं पाणी पडतें. तेथें बारीक माती धुऊन जाते व डोहाच्या तळाशीं गोटे तेवढे उरतात. प्रवाह अडथळ्यास वळसा घालून जेथून जातो तेथें एक कांठ झिजतो व समोरचा कांठ वाळूनें वाढतो. एकाच ओंडक्यामुळें वीस पावलांच्या आंत खडीचा, वाळूचा, गाळाचा व गोट्यांचा असे चार निराळे तळ तयार होतात. ज्या माशास खडींत अंडीं घालावयाचीं त्यास खडी मिळते. ज्या खेकड्यास चिखल पाहिजे त्यास चिखल मिळतो. ओंडका काढला कीं चहूंकडे एकसारखी वाळू पसरते, व चौघांचीं घरें मोडून एकाचेंही धड राहत नाहीं.

हें आम्ही केवळ एका ओढ्यावरून म्हणत नाहीं. अमेरिकेंत न्यू हॅम्पशर संस्थानांत हबर्ड ब्रुक नांवाचें एक जंगल शास्त्रीय निरीक्षणासाठीं राखलेलें आहे. तेथील एका ओढ्याच्या सुमारें पावणेदोनशें मीटर लांबीच्या भागांतून फांद्या, ओंडके व पानें यांचे सर्व नैसर्गिक बांध संशोधकांनीं मुद्दाम काढून टाकले आणि खालीं वाहून येणाऱ्या पदार्थांचें मोजमाप केलें. १९८१ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा कीं, बारीक कणांचें वहन कित्येक पटींनीं वाढलें. आमच्या मुलांनीं नकळत केला तोच प्रयोग त्यांनीं मोजून मापून केला होता.

परंतु इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाहीं. आमच्या मावळांतील शेतकरी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जाणत आला आहे. डोंगराच्या घळींत तो दगडांची एक 'ताल' घालतो. पहिल्या पावसाळ्यांत तालीमागें थोडी माती बसते. दुसऱ्या वर्षीं तो आणखी एक थर चढवितो. आणि कांहीं वर्षांनीं, जेथें नुसता दगडांचा उतार होता तेथें भाताचें खाचर उभें राहतें. ही माती त्यानें कोठून विकत आणली नाहीं. डोंगर दरवर्षीं जी माती खालीं पाठवितो तिला त्यानें वाटेंत बसावयास जागा दिली, एवढेंच. आमच्या ओंडक्यामागील वाळू पाहून 'पाच पावसाळ्यांची' असा अचूक अंदाज त्या वृद्धानें कोणत्या पाठशाळेंत शिकून केला, हें आतां वाचकांच्या लक्षांत येईल.

जुन्या पुण्यासही ही युक्ति ठाऊक होती. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरांतील पाणी शहरांत आणण्याची योजना झाली. तेथें एकाखालीं एक अशीं दोन तळीं आहेत. वरच्या तळ्यांत पाणी मंदावून गाळ बसे व निवळलेलें पाणी खालच्या तळ्यांत उतरे. तेथून तें जमिनीखालच्या नळांतून शनिवारवाड्यापर्यंत येई, आणि वाटेंतल्या उच्छ्वासांतही उरलासुरला गाळ मागें राही. ओढा डोहाडोहांनीं जें करतो तेंच येथें चुन्यादगडांत बांधून काढलें होतें.

येथें एक शंका निघेल, आणि ती योग्य आहे. अडथळे जर इतके उपकारक, तर ओढ्यांतील अडथळ्यांमुळें पूर येतो असें लोक कां म्हणतात? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या डोंगरांत उगम पावणारा आंबिल ओढा पुण्यांत अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत शिरला, आणि त्या एका अतिवृष्टींत शहर व परिसर मिळून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्या रात्रीची आठवण ज्यांच्या घरांत अद्याप ताजी आहे असे विद्यार्थी पुण्याच्या अनेक शाळांतून असतील. त्यांच्यासमोर आम्ही अडथळ्यांची स्तुति करावी काय?

याचें उत्तर काळजीपूर्वक दिलें पाहिजे. रानांतील ओंडका ठेंगणा असतो, त्याच्या भेगांतून पाणी झिरपतें, आणि पूर आला तर पाण्यास त्याच्यावरून व दोन्ही अंगांनीं पसरावयास जागा असते. तो माती अडवितो, पाण्यास केवळ सावकाश करतो. शहरांतील ओढ्याच्या दोन्ही कांठांस भिंती असतात, डोक्यावर पूल असतो. पुलाच्या मोरीस फांद्या, गाद्या व प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचें बूच बसलें म्हणजे पाण्यास ना वरून वाट ना बाजूनें. तें तुंबतें, चढतें, आणि भिंत फुटली म्हणजे एकदम घरांत शिरतें. शिवाय रानांतही सर्वच ओंडके निर्धोक असतात असें नाहीं. अरुंद घळींत लांकडांची मोठी रास तुंबून पुराच्या भरांत एकाएकीं सुटली तर खालच्या वस्तीस धोका होतो. म्हणून आमच्या वाचकांनीं एक साधा नियम ध्यानांत ठेवावा: जेथें पाण्यास पसरावयास जागा आहे व खालीं लगत वस्ती नाहीं, तेथें निसर्गानें ठेवलेला ओंडका असूं द्यावा, जेथें पूल, मोरी किंवा घर जवळ आहे, तेथें पावसाळ्यापूर्वीं पात्र साफ झालेंच पाहिजे. प्लॅस्टिक मात्र दोन्ही ठिकाणांहून उचलावें. तें पानासारखें कुजत नाहीं व गाळास कसही देत नाहीं.

आणि या दोन गोष्टी एकमेकींशीं जोडलेल्या आहेत. वरच्या डोंगरावरील झाडें गेलीं, धोंडे बांधकामास नेले, पडलेलें लांकूड सरपणास गेलें, कीं वरचें कोठार रिकामें होतें. मग तेथील खडी व माती थेट शहरापर्यंत येते आणि मोऱ्यांत बसते. मोरी साफ करणारा माणूस जो गाळ उपसतो तो पुष्कळदां डोंगरांत थांबावयाचा राहिलेला गाळ असतो.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या ओढ्यांतून सुटलेली ती वाळू लकडी पुलापर्यंत पोंचली असेल काय? नाहीं. आंबी नदी पानशेतच्या जलाशयास मिळते. १२ जुलै १९६१ रोजीं फुटलेलें व पुढें पुन्हां बांधलेलें हें तेंच धरण. जलाशय हा सर्वांत मोठा अडथळा. तेथें पाणी जवळजवळ थांबतें, म्हणून वाळू मुखाशींच बसते व गाळ थोडा पुढें जाऊन बसतो. त्यांतून जें निसटेल त्याच्या वाटेंत पुन्हां १८७९ सालीं पूर्ण झालेलें खडकवासल्याचें तळें आहे. तेव्हां धरणांपलीकडून पुलाखालीं येते ती बहुतांशीं अति बारीक चिकणमाती. उरलेला रंग खडकवासल्याच्या खालच्या टेंकड्या व शहराचे स्वतःचे ओढेनाले यांचा.

म्हणजे आमची वाळू पानशेतच्या तळ्यांत जाऊन बसणार, आणि तेथें ती कायमची बसणार. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाणी मावतें. पैकीं एकट्या खडकवासल्याचा वांटा दोन अब्जांहूनही किंचित् कमी. पुण्याचें पिण्याचें पाणी व खालच्या तालुक्यांतील शेती मुख्यतः यांवर चालते. घाटमाथ्यावर कांहीं ठिकाणीं वर्षास पांच मीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पन्नासेक किलोमीटर पूर्वेस पुण्यांत तो सुमारे सत्तर सेंटिमीटर. आपण तिकडच्या पावसावर जगतों, आणि तो पाऊस आपल्यासाठीं सांठवून ठेवणाऱ्या भांड्यांत दरसाल थोडा थोडा गाळ बसतो. जितकी वाळू तितकी पाण्याची जागा कमी. ही वाळू भांड्याबाहेर थोपविण्याचें काम डोंगरांतील सहस्रावधि ओंडके, मुळें, पानें व धोंडे वेतनावांचून करीत आहेत. मावळांत ज्या ज्या गांवांनीं ओढ्याच्या उगमाशीं देवराई राखली, कुऱ्हाड लावली नाहीं व पडलेलें लांकूडही उचललें नाहीं, त्या त्या गांवांनीं हे चाकर कामावर ठेवले.

ज्या विद्यार्थ्यांस ओढ्यावर जाणें शक्य नाहीं त्यांनीं घरीं एक प्रयोग करावा. दोन हात लांबीचा पत्र्याचा पन्हळ किंवा उभा चिरलेला बांबू घेऊन त्याचें एक टोंक चार बोटें उंच करावें. त्यांत वाळू व बागेंतील माती मिसळून पसरावी आणि वरून लोट्यानें सावकाश पाणी ओतून खालीं पांढऱ्या वाडग्यांत धरावें. मग पुन्हां तसाच थर देऊन, तीन ठिकाणीं करंगळीएवढ्या काटक्या आडव्या बसवाव्या, त्यांमागें थोडीं सुकीं पानें ठेवावीं, आणि तितकेंच पाणी तितक्याच वेगानें सोडावें. दोन वाडग्यांच्या तळाशीं किती माती बसली तें ताडून पाहावें. काटक्यांच्या वर व खालीं कोणत्या जाडीचे कण राहिले याचें चित्र वहींत काढावें. पालकांनींही या खेळांत भाग घेतला तर अंगण थोडें चिखलमय होईल, पण संध्याकाळ वायां जाणार नाहीं.

शेवटीं त्या दोन बाटल्या. परत आल्यावर त्या आम्हीं वर्गाच्या खिडकींत ठेविल्या. पहिलींतील पाणी आरंभापासून निवळच होतें. दुसरींतील वाळू बाटली खालीं ठेवतां ठेवतांच तळाशीं गेली. गाळ तासाची घंटा होईपर्यंत बसला. आणि चिकणमातीचा धुरकटपणा चौथ्या दिवशींही वरच्या पाण्यांत अंधुक दिसत होता. मुलांनीं तो रोज पाहिला, आणि आम्हांस कांहीं सांगावें लागलें नाहीं.

त्या दिवशीं ओढ्यावरून निघण्यापूर्वीं आम्हीं ओंडका पुन्हां जागेवर आडवा टाकविला. पण पाणी आतां त्याच्या वरून न जातां खालून जाऊं लागलें. मुलांनीं फटींत दगड कोंबले, पानें भरलीं. तरी धार थांबेना. तो वृद्ध शेतकरी जवळ येऊन उभा राहिला, हंसला, आणि म्हणाला, "असूं द्या गुरुजी. ठेवलंत, चांगलं केलंत. बसायला त्याला आता पुन्हा पावसाळं लागतील." येत्या सप्टेंबरांत नव्या नववीस घेऊन आम्ही तेथें जाणार आहों. एका पावसाळ्यांत त्यामागें किती बोटें वाळू सांठली, तें मोजून पुढील अंकीं सादर करूं.